कुरुंद आणि लाख

जुन्नरच्या आमच्या घरात मागच्या पडवीत एक जुनी साण पडून आहे. ताटाएवढी, काळपट, कडेला झिजून पातळ झालेली. ती दादांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या हातची. कुरुंदाची भुकटी आणि लाख एकत्र तापवून, थापून त्यांनी ती केली होती. दादा तिच्यावर पातं धरायचे आणि दादी समोर बसून आसाची वादी आलटून पालटून ओढायची. हे मी पाहिलेलं नाही, अब्बांच्या तोंडून ऐकलंय.

आम्ही शिकलगार. अरबीत ‘सैकल’ म्हणजे घासून लखलखीत करणं, आणि फारसीतला ‘गर’ म्हणजे करणारा. एके काळी तलवारी-खंजिरांना पाणीदार ठेवणारे हे लोक पुढं विळे, कोयते, कात्र्या आणि सुऱ्यांवर आले. जुन्नरात अशी बरीच घरं होती, ज्यांचा धंदा दुसऱ्याच्या वस्तूला शेवटचा हात फिरवण्याचा. शेजारच्या मोहल्ल्यातले कागजी कागद करायचे आणि तो घोटून गुळगुळीत करायचे. जुन्नरी कागदाला पेशवाईत मान होता. आमच्या धंद्याला तेवढा मान कधी नव्हता, पण गिऱ्हाईक कायम होतं.

अब्बांच्या काळात साण गेली आणि सायकल आली. सायकल स्टँडवर चढवायची, पायडल मारलं की पट्ट्यावरून पुढचा दगड गरगरा फिरायचा. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव असे आठवडे बाजार ठरलेले. पावसाच्या तोंडावर खुरपी आणि विळे. ऑक्टोबर छाटणी आली की नारायणगाव भागात द्राक्षबागांच्या कात्र्या. बकरी ईदच्या आधी आठ दिवस घरी जेवायलाही फुरसत नसे. आणि थंडीत ऊसतोड सुरू झाली की बीडकडून आलेल्या टोळ्यांचे कोयते. अब्बांच्या वर्षाला असे हंगाम होते, आणि माझ्या शाळेची फी त्या हंगामांवर भरली जायची.

सायकलवरचा दगड अब्बा पुण्याहून बोहरी आळीतून आणत. त्याला ते ‘कारबोरंडम’ म्हणत. हिरवट-काळा, उन्हात चमचमणारा. लहानपणी मी विचारलं होतं, “दादांचा कुरुंद आणि हा कारबोरंडम एकच का?” अब्बा म्हणाले, “हा त्याचा इंग्रजी भाऊ.”

बऱ्याच वर्षांनी कळलं की अब्बा अंदाजानं बोलले ते जवळजवळ खरं होतं. 1891 साली अमेरिकेत एडवर्ड अचेसन नावाचा माणूस चिकणमाती आणि कोळशाची पूड विजेच्या झोतानं तापवत होता. त्यात त्याला चमकणारे कठीण स्फटिक मिळाले. मातीतल्या कुरुंदाशी कार्बनचा संयोग झाला असावा असं त्याला वाटलं, म्हणून कार्बन आणि कोरंडम जोडून त्यानं नाव ठेवलं कार्बोरंडम. तो समज चुकीचा निघाला. त्या स्फटिकात कुरुंद नव्हता, सिलिकॉन आणि कार्बन होते. म्हणजे ते सिलिकॉन कार्बाइड होतं. पण नाव तसंच राहिलं. आणि ‘कोरंडम’ हा शब्द इंग्रजीत गेला तो तमिळ ‘कुरुंदम’वरून. संस्कृतात कुरुविंद, मराठीत कुरुंद. माणिक आणि नीलम हे दोन्ही रंगीत कुरुंदच. अरबी-फारसी पुस्तकांत त्याला याकूत म्हणतात. अल-बिरुनीनं हजार वर्षांपूर्वी रत्नांवरच्या आपल्या ग्रंथात याकूतचं वजन पाण्याशी ताडून मोजलं होतं. आमच्या पडवीतल्या साणेत तोच याकूत आहे, फक्त रंग नसलेला आणि कुटलेला. रसायनशास्त्रात त्याचं नाव ॲल्युमिनियम ऑक्साइड, कारखान्यात ॲल्युमिना.

पुढं पोटासाठी मी नेमका या दोन भावांमध्ये येऊन पडलो.

मेटलर्जीचा डिप्लोमा करून मी भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात लागलो. पंपाच्या मेकॅनिकल सीलमध्ये बसणाऱ्या सिरॅमिकच्या रिंगा तिथं व्हायच्या. पंपाचा दांडा फिरतो तिथून पाणी बाहेर येऊ नये म्हणून दोन गुळगुळीत रिंगा एकमेकींवर घासत फिरत असतात, एक दांड्यासोबत फिरणारी, एक स्थिर. साध्या पंपात एक कार्बनची आणि एक पांढऱ्या सिरॅमिकची असते. पाण्यात गाळ किंवा वाळू असली की त्या लवकर ओरखडतात. अशा ठिकाणी सिलिकॉन कार्बाइड लागतं. डिंभे धरणाखाली घोड नदीच्या काठी ज्यांच्या मोटारी आहेत त्यांना गढूळ पाण्याचं दुखणं वेगळं सांगायला नको.

मुलाखतीत मला विचारलं होतं, “वडील काय करतात?” मी म्हणालो, “हार्डवेअरचं दुकान आहे.” पुढचा प्रश्न होता, “कार्बोरंडम म्हणजे काय, माहीत आहे?” मी घडाघडा उत्तर दिलं. हे आपण कुठं शिकलो ते मात्र सांगितलं नाही.

आता थोडं भट्टीविषयी सांगतो, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही.

सिरॅमिकची वस्तू ओतून करता येत नाही. भुकटी साच्यात दाबायची, मग भट्टीत तापवायची. तापल्यावर दाण्यांतले अणू हलायला लागतात, दाणे एकमेकांना चिकटतात, मधल्या पोकळ्या बुजत जातात आणि वस्तू आकसते. याला सिंटरिंग म्हणतात. कुंभाराच्या आव्यात थोड्याफार फरकानं हेच होतं. कुंभाराच्या मातीत लोह, पोटॅश वगैरे मुळातच मिसळलेले असतात. ते तापल्यावर थोडे वितळतात आणि मडकं धरून ठेवतात. माती मळून आलेलीच असते.

सिलिकॉन कार्बाइडचं तसं नाही. त्यातला प्रत्येक सिलिकॉन चार कार्बनना आणि प्रत्येक कार्बन चार सिलिकॉनना घट्ट धरून असतो. म्हणूनच तो कुरुंदापेक्षा कठीण. आणि म्हणूनच त्याचे अणू जागचे हलायला तयार नसतात. शुद्ध भुकटी कितीही तापवा, दाणे जाडजूड होतात पण मधली पोकळी तशीच राहते. वितळवू म्हणाल तर साध्या दाबाखाली तो वितळतही नाही. 2,800 अंश सेल्सिअसच्या आसपास विघटन होऊन त्याची वाफ होते. ज्या गुणामुळं तो हवा असतो, त्याच गुणामुळं तो एकसंध होत नाही.

यावर दोन वाटा निघाल्या. पहिली 1970च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या स्वांते प्रोचाझ्कांनी दाखवली. भुकटीत चिमूटभर बोरॉन आणि थोडा कार्बन घालायचा. कार्बन दाण्यांवरची सिलिकाची पापुद्री साफ करतो, बोरॉन अणूंना हलायला मदत करतो. पण भट्टी 2,100 अंशांच्या आसपास किंवा त्याच्याही वर न्यावी लागते. दुसरी वाट 1982 साली जपानच्या ओमोरी आणि ताकेई यांनी छापली. त्यांनी ऑक्साइड घातले, ॲल्युमिना आणि यिट्रिया. यात गंमत अशी की एकटं ॲल्युमिना 2,050 अंशांच्या आसपास वितळतं, एकटं यिट्रिया 2,400च्याही पुढं. पण ठरावीक प्रमाणात दोन्ही एकत्र आली की 1,820च्या आसपासच त्यांचं पाणी होतं. सिलिकॉन कार्बाइडच्या दाण्यांवरची सिलिका त्यात मिसळली की आणखी खाली.

हे पाणी दाण्यांमध्ये शिरतं आणि पुढं काय करतं ते समजायला आपल्या घरातलं मीठ पुरेसं आहे. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाचा गोळा होतो. मीठ वितळलेलं नसतं. हवेतला ओलावा दाण्यांवर बसतो, दाण्यांचे कोपरे त्यात किंचित विरघळतात आणि तेच मीठ दोन दाण्यांच्या सांध्यावर पुन्हा बसतं. ओलावा अगदी थोडा असतो, पण गोळा चमच्यानं फुटत नाही. सिलिकॉन कार्बाइडच्या भट्टीत ओलाव्याचं काम ऑक्साइडचं पाणी करतं. बारीक दाणे त्यात विरघळतात, मोठ्या दाण्यांवर बसतात, पोकळ्या बुजतात, आणि साच्यातली शंभर मिलिमीटरची रिंग साधारण ब्याऐंशी-त्र्याऐंशी मिलिमीटरची होऊन बाहेर येते. थंड झाल्यावर ऑक्साइड निघून जात नाहीत. ॲल्युमिना आणि यिट्रियाचं मिळून एक गार्नेटच्या घडणीचं संयुग होतं आणि ते दाण्यांच्या मधल्या फटीत कायमचं बसतं.

आमच्या कारखान्यात बोरॉनची वाट चालू होती. भट्टीला वीज फार लागायची, भट्टीतले ग्रॅफाइटचे भाग लवकर खाऊन जायचे. मालकांनी मला ऑक्साइडची वाट करून बघायला सांगितली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि पहिल्यांदा माझ्या नावावर काही काम आलं होतं. शंभर ग्रॅम मिश्रणात सहा ग्रॅम ॲल्युमिना, चार ग्रॅम यिट्रिया, बाकी सिलिकॉन कार्बाइड. आर्गॉन वायूत 1,900 अंश.

पहिली बॅच बाहेर आली. रिंगा दिसायला ठीक होत्या. वर शाईचा थेंब टाकला तर तो टिपकागदासारखा आत जिरला. वजन केलं तर शंभर ग्रॅममागं सात ग्रॅम कमी भरले. दुसरी बॅच तशीच. तिसरी बॅच आणखी वाईट.

कारण पुस्तकात लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलेलं होतं. एवढ्या तापमानात ॲल्युमिना आणि सिलिकॉन कार्बाइड एकमेकांना खातात आणि वायू होऊन उडून जातात. ज्यानं सांधायचं तेच निघून गेलं तर मागं छिद्रंच राहणार. म्हणून रिंगा उघड्या ठेवायच्या नसतात. झाकणाच्या मुशीत, सिलिकॉन कार्बाइड आणि ॲल्युमिनाच्याच भुकटीत पुरून ठेवायच्या, म्हणजे आजूबाजूला तोच वायू आधीच भरलेला राहतो आणि रिंगेतला बाहेर पडत नाही. पण भुकटीत पुरलं की एका वेळी निम्म्याच रिंगा बसतात. मला पहिल्याच झटक्यात मोठा आकडा दाखवायचा होता. मी मुशी उघड्या ठेवल्या होत्या.

अहवालात मी लिहिलं, ‘भुकटीच्या या लॉटमध्ये ऑक्सिजनचं प्रमाण जास्त असण्याची शक्यता.’ तसं झालं तरी वजन घटतं, त्यामुळं वाक्य शास्त्राला धरून होतं. फक्त ते खोटं होतं. त्याच लॉटची भुकटी शेजारच्या भट्टीत बोरॉनच्या वाटेनं जात होती आणि तिथल्या रिंगा चांगल्या येत होत्या, हे मला दिसत होतं. अहवाल वर गेला. भुकटी देणारा पुण्यातलाच एक छोटा व्यापारी होता, दोन माणसांचा धंदा. त्याचं पेमेंट अडवलं. तो दोनदा कारखान्यात येऊन बाहेरच्या बाकावर बसून गेला. एकदा त्यानं मला विचारलं, “साहेब, माझ्या मालात नक्की काय निघालं?” मी म्हणालो, “चेक करतोय.”

त्याच आठवड्यात अब्बांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून अम्मीचा फोन आला. मी शिवाजीनगरहून एसटी पकडली, नारायणगावला उतरून जुन्नरची दुसरी गाडी. पोचलो तेव्हा अब्बा दवाखान्यातून घरी आले होते आणि डॉक्टरांनी पायडल बंद म्हणून सांगितलं होतं. सायकल पडवीत भिंतीला टेकवलेली. अब्बा तिच्याकडं पाठ करून बसले होते.

दोन-तीन दिवस मी घरीच राहिलो. रिकामं बसून अब्बांना करमेना. एका दुपारी ते दादांची साण मांडीवर घेऊन तिची धूळ पुसत होते. मी विचारलं, “लाख किती घालायची, प्रमाण काय?”

“प्रमाण हाताला कळतं,” अब्बा म्हणाले. “लाख कमी पडली तर साण झडते, कुरुंद पात्याबरोबर निघून येतो. जास्त झाली तर साण चोपडी पडते, नुसती लाखच घासत राहते, धार येतच नाही. आणि विस्तव मोठा झाला तर सगळंच वाया. मी पोरगा होतो, दादांना मदत म्हणून घाईनं जाळ वाढवला. लाख जली, तो पत्थर गया. धूर निघाला आणि साण जाळीदार झाली, पावासारखी.”

मी विचारलं, “दादा रागावले?”

“मी सांगितलंच नाही. म्हणालो, लाख खराब होती. दादा लाखवाल्याशी भांडून आले.” अब्बा हसले, पण लगेच थांबले. मग त्यांनी मला कोयत्याची गोष्ट सांगितली. ती मी आधी कधी ऐकली नव्हती.

ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशोबानं. काम बुडलं की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. अशाच एका बाईनं बाजारात अब्बांकडं कोयता दिला होता. गर्दी होती, अब्बांनी घाईत दगडावर जास्त दाबला, आणि कडेला निळा पट्टा आला. निळा पट्टा म्हणजे पोलाद तापून पात्याचं पाणी उतरलं. असं पातं दिसायला धारदार असतं, पण दोन तासांत दुमडतं. बारीक दगडानं तो निळा रंग दोन मिनिटांत घासून जातो. अब्बांनी तो घासला, कोयता चकचकीत करून दिला आणि पैसे घेतले. बाई “चाचा, चांगला लावलात” म्हणून गेली.

“घरी आलो, जेवण जाईना,” अब्बा म्हणाले. “लाखवाला आठवला. दादा तर तोवर गेले होते, त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं. म्हटलं, आता हिचंही तसंच व्हायचं.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते त्या टोळीच्या कोप्या शोधत गेले. आपला तालुका बिबट्यांचा, उसाच्या कडेनं अंधारात सायकल हाणायची म्हणजे जीव मुठीत. कोयता दुमडलेलाच होता. ती दोघं दिवसभर शेजाऱ्याचा कोयता मागून मागून तोडत होती. अब्बांनी आपल्या पिशवीतला दुसरा कोयता दिला, तिचा घेतला, लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन चार दिवसांनी नेऊन दिला.

“ती काय म्हणाली?”

“काय म्हणणार? म्हणाली, ‘आमचाच ऊस कडक आसंल.’ तिला वाटलं तिचंच चुकलं. मी नसतो गेलो तर ती तसंच समजत राहिली असती.”

अब्बांना माझ्या अहवालाचं काही माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलंही नाही. रात्री पडवीत झोपलो होतो तेव्हा बाकावर बसलेला तो व्यापारी सारखा डोळ्यांसमोर येत होता. तोही बहुतेक आपल्याच मालात काय चुकलं ते शोधत असणार.

पुण्याला परतल्यावर मी मालकांसमोर गेलो आणि सांगितलं की भुकटीत दोष नाही, मुशी उघड्या ठेवल्या ही माझी चूक, आणि मला ते माहीत असून मी लिहिलं नाही. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एक बॅच गेली असती.” त्या वर्षी माझा पगार वाढला नाही. काम सहा महिने दुसऱ्याकडं गेलं. व्यापाऱ्याचं पेमेंट सुटलं. मी त्याच्या दुकानी जाऊन त्याला स्वतः सांगितलं. त्यानं चहा मागवला, पण तो पिईपर्यंत माझ्याकडं बघितलं नाही. ते मला पगारापेक्षा जास्त लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

पुढं काम पुन्हा माझ्याकडं आलं. या वेळी झाकणाच्या मुशी, भुकटीत पुरलेल्या रिंगा, प्रत्येक बॅचचं आधीचं आणि नंतरचं वजन वहीत. घट दीड ग्रॅमच्या आत आली. शाईचा थेंब रिंगेवर तसाच गोल राहिला, पुसला तर डाग नाही. त्या दिवशी मी जुन्नरला फोन केला. अब्बांना काय सांगावं कळेना. म्हणालो, “साण जमली.” ते म्हणाले, “विस्तव बारीक ठेवला असशील.”

या सगळ्याकडं बघून एक मोह होतो, आणि मी तो कार्यक्रमांत, भाषणांत इतरांना झालेला पाहिला आहे. कठीण आणि शुद्ध दाणे आपापले एकत्र येत नाहीत, परकं काहीतरी मिसळावं लागतं, म्हणून मिसळून राहा, वगैरे. ऐकायला गोड आहे. माझ्यासारख्या आडनावाच्या माणसाकडून तर लोकांना हेच ऐकायचं असतं. पण भट्टीवर काम करणारा माणूस एवढं सोपं बोलू शकत नाही. ऑक्साइड जास्त पडले तर रिंग मऊ पडते. फार उंच तापमानात दाण्यांमधला तो थर आधी ढिला होतो. तेज आम्लात किंवा अल्कलीत दाण्यांना काही होत नाही, पण आम्ल त्या थरालाच धरून आत शिरतं. म्हणून रासायनिक कारखान्यांतल्या तशा पंपांना आम्ही आजही बोरॉनच्या वाटेची रिंग देतो, आणि गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगतो. उलट जिथं धक्का बसतो, ठोकर लागते, तिथं ऑक्साइडची रिंग सरस. कारण तडा सरळ आरपार जात नाही, दाण्याच्या कडेच्या त्या थरातून वळसे घेत जातो आणि वाटेत दमतो. कुठली रिंग कुठल्या पाण्यात चालणार आहे हे आधी विचारावं लागतं.

मला या कामातून मिळालं ते याहून साधं आहे. रिंग फुटली तर आपण आधी कठीण दाण्याला दोष देतो, कारण तो दिसतो आणि विकतही तोच घेतलेला असतो. वजनात शंभरातले दहा ग्रॅम असलेला, फटीत बसलेला तो थर कुणी बघत नाही. तो किती घातला, तापल्यावर किती टिकला, किती उडून गेला हे फक्त भट्टी लावणाऱ्याला माहीत असतं. तसंच निळा पट्टा आला होता हे फक्त दगडावर पातं धरणाऱ्याला माहीत असतं. गिऱ्हाइकाला ते कधीच कळणार नसतं. आपल्या धंद्यांतला विश्वास अशाच जागी असतो, जिथं दुसऱ्याला तपासताच येत नाही. तिथं कमी पडलं की दोष जातो भलत्याच माणसाकडं. लाखवाल्याकडं, भुकटीवाल्याकडं, नाहीतर उसाकडं.

अब्बा आता थकले आहेत. बाजार सुटले, पण बकरी ईदच्या आधी मोहल्ल्यातले लोक अजून सुऱ्या घेऊन घरी येतात, आणि अब्बा बसल्या बसल्या हातानं दगडावर लावून देतात. आता कुणी विचारलं तर मी सांगतो, वडील शिकलगार. मुलाखतीला येणाऱ्या पोरांना मी कार्बोरंडमचा प्रश्न विचारतो, पण वडिलांचा विचारत नाही.

मागच्या वेळी घरी गेलो तेव्हा एक नाकारलेली रिंग सोबत नेली होती. कडेला टवका उडालेली, पण बाकी ठीक. अब्बांनी ती उजेडात धरली, बोटानं फिरवली, नखानं वाजवली. मग पडवीतून दादांची साण आणली आणि रिंग तिच्या कडेवर जोर लावून घासली. रिंगेवर ओरखडासुद्धा उठला नाही, साणेवर मात्र पांढरी रेघ उमटली.

“यात आपला कुरुंद आहे म्हणालास ना?”

“शंभरात सहा ग्रॅम. भट्टीत गेल्यावर त्याचंही रूप बदलतं, पण घातलेला असतो तोच.”

अब्बांनी रिंग परत दिली नाही. खिळ्याला अडकवलेल्या चामड्याच्या जुन्या वादीत ती ओवून ठेवली. ती वादी दादी ओढायची तीच आहे, असं अम्मी म्हणते. अब्बा म्हणतात, ती दुसरी.